वीस मोजेपर्यंत

चैत्र-वैशाखात, भर दुपारी, अनवाणी पायांनी पळसाखाली उभं राहून एक ते वीस मोजणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. मी पाहिली आहे, आणि रोज पाहिली आहे. पार्वतामामी आमच्या शेजारी राहायची. मोजताना तिचे ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. वीस झाले की पुढच्या झाडाखाली जायची. वीस व्हायच्या आत पाय उचलावा लागला तर तिथेच वाकून मातीशी काहीतरी पुटपुटायची आणि त्या झाडाच्या बुडाशी आणखी पालापाचोळा ओढायची. मी नवी सून होते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हिला कुणीतरी नवस सांगितला असेल. सासूबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "नवस कायचा वं? तिले पळसाचं याड लागलं हाये."

सातपुड्याच्या पायथ्याचं, सोनाळ्याच्या बाजूचं आमचं गाव. गावाबाहेर नाल्याच्या काठाने गायरानात बावीस पळस होते. पळस काय, आमच्याकडे बांधाबांधावर उगवतो. त्याला कुणी लावत नाही आणि त्याच्याकडे कुणी बघतही नाही. पाला शेळ्या खातात, पानं पत्रावळीला, काटक्या चुलीला, संपलं. आणि ही बाई त्या पळसांना पाणी घालायची! ज्या गावात चैत्रापासून विहिरीला तळ दिसायचा, त्या गावात पळसाला पाणी म्हणजे सगळ्यांना हसायला आयता विषय झाला होता. नाल्यावर धुणं धुताना बाया विचारायच्या, "मामी, पळसाले च्या पाजला काय आज?" ती तोंडातली तंबाखू गालात सरकवून म्हणायची, "पाजला नं. तुह्या घरून दूध येजो घेऊन."

मामीचं घर माळ्याचं. घरामागे दोन-तीन बिघे मळा, त्यात वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. माहेर मात्र पार तिकडे, गोंदियाकडच्या जंगलातलं. पंचवीस वर्षं इथे राहून बोली आमच्यासारखीच झाली होती, फक्त वाक्याच्या शेवटी तिकडचा एक हेल यायचा. माहेरी लाख पिकवायचे, आणि ते तिच्या डोक्यातून काही जाईना.

लाख तुम्हाला माहीत असते ती पोस्टाच्या पाकिटावरची, नाहीतर बांगडीतली, किंवा सोनार दागिन्याच्या पोकळीत भरतो ती. ती किड्याची असते, हे मलाही मामीनेच दाखवलं. मोहरीपेक्षा लहान लाल किडे पळसाच्या कोवळ्या फांदीला सोंड लावून बसतात, रस पितात आणि अंगाभोवती लाखेचं घर बांधतात. एकदा बसले की हलत नाहीत. फांदीवर नुसती खरबरीत, तांबूस साल चढल्यासारखी दिसते. दिवाळीच्या सुमाराला बेण्याच्या काड्या, म्हणजे जिवंत किडे असलेल्या काड्या, झाडाला बांधायच्या. त्यांची पुढची पिढी आषाढात बाहेर निघते. मधला उन्हाळा तेवढा काढायचा. आणि आमच्या भागात तोच निघत नाही. वैशाखात झाडाचा रस आटतो, वरून ऊन, खालून माती तापलेली. किडे घरातल्या घरात वाळून मरतात.

मामी त्यांना 'पाव्हणे' म्हणायची. "पाव्हणे काऊन मरतात सांगू तुले? यजमानच उपाशी असते," असं म्हणून पळसाच्या खोडावर थाप मारायची.

दोन वर्षं तिचं बेणं उन्हाळ्यात मेलं होतं. दोन्ही वेळा ती दिवाळीला माहेरी जाऊन नवं बेणं घेऊन आली. पहिल्या खेपेला शेगावला रेल्वेतून उतरून बसने येताना काय झालं, ते ती स्वतःच रंगवून सांगायची. मांडीवर उघडी टोपली, टोपलीत मोकळ्या ठेवलेल्या काड्या. पुढच्या बाकावरच्या दोघांनी बिड्या पेटवल्या. मामीने सांगितलं विझवा, आत जीव हायेत. ते हसले. मग मामी उठून उभी राहिली आणि सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाली की मांडीवर लेकरू असतं तर विझवल्या असत्या ना? कंडक्टरने वाकून टोपलीत पाहिलं, त्याला काटक्या दिसल्या. पण बाईचा चेहरा पाहून त्याने बिड्या विझवायला लावल्या, आणि उतरताना टोपली स्वतः धरली. "काटक्या हायेत असं त्याले वाटलं असंन," मामी म्हणायची, "पण धरली तं नीट."

तिच्या चुकाही ती लपवायची नाही. मळेवाली बाई, वांग्याला जसं बुडाशी खत घालतात तसंच पहिल्या वर्षी तिने पळसाच्या खोडाला ताज्या शेणाचा ढीग लावला. त्याला उधई, म्हणजे वाळवी लागली आणि दोन झाडं पोखरली. तेव्हापासून खत खोडाला नाही. ती फांद्यांचा पसारा जिथे संपतो तिथे उभी राहायची, टाच मातीत रोवून झाडाभोवती गोल रेघ ओढत जायची. "झाडाचं तोंड बुडाशी नसते वं विमल, इथं असते." त्या रेघेवर हातभर खोल चर. चरात तळ्याचा गाळ आणि वर्षभर कुजलेलं शेणखत. चरातच गळ्यापर्यंत पुरलेलं एक फुटकं मडकं, भोकात चिंधीची वात. मडकं दोन दिवसांनी भरलं तरी पाणी थेंब थेंब झिरपत राहायचं. आणि त्या सगळ्यावर पाचोळ्याचा जाड थर. गावातलं एकही गळकं मडकं त्या काळात उकिरड्यावर गेलं नाही. सगळी मामीकडे.

बावीसपैकी अकरा झाडं कामाला, अकरा विसाव्याला, असा तिचा नियम होता. छाटायची तीही बोटाएवढी फांदी, एका घावात, तिरपी. माणसं शेळ्यांसाठी पळस बोडका करायची ते बघून तिला अंगावर काटा यायचा.

तिसऱ्या वर्षी बेणं बांधून झालं, हिवाळा निघाला, आणि फाल्गुनात गावात बातमी आली की नाल्याकाठचे पळस विकायचे आहेत.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. गावात पंचायत नवी, तिला शाळेची खोली बांधायची होती. नाल्यापलीकडे एका शेठजीची विटांची भट्टी होती, त्याला जळण हवं होतं. बावीस पळस एकदम घेतो म्हणाला. सरपंचांना त्यात वावगं काही दिसलं नाही. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. पांढरंशुभ्र धोतर, पांढरी टोपी, सरळ बोलणं. पळस म्हणजे सरपण, एवढंच त्यांना माहीत.

मामी पंचायतीत गेली. बाया तेव्हा पंचायतीच्या दारातही उभ्या राहत नसत. आत काय झालं ते सासऱ्यांनी घरी येऊन सांगितलं. मामीने आधी लाखेचं सगळं समजावलं, कुणी ऐकलं नाही. सरपंच म्हणाले, दोन वर्षं तुझं बेणं मेलं, तिसऱ्या वर्षी काय जगणार? मग ती म्हणाली, झाडाखाली चला. भर बाराला सगळे गेले. तिने सरपंचांना जोडा काढायला सांगितला. पंच एकमेकांकडे पाहायला लागले. सरपंचांनी जोडा काढला. तिने आधी त्यांना उघड्या गायरानात उभं केलं आणि मोजायला लागली. सातला सरपंचांनी पाय उचलला. मग पळसाखाली पाचोळ्यावर उभं केलं. वीस झाले, पंचवीस झाले, सरपंच उभेच.

"मागच्या दोन सालात इथंबी सातच होत होते," मामी म्हणाली. "औंदा वीस होतात. थे मुळ्या तुमच्या पायासारख्याच हायेत, दादा."

सरपंचांनी जोडा घातला आणि तिथेच ठरवलं. आषाढातल्या पहिल्या सोमवारी पंच येतील. बेणं जिवंत दाखवलं तर झाडं दहा वर्षं मामीच्या ताब्यात. नाही दाखवलं तर त्याच दिवशी कुऱ्हाड. शेठजी म्हणाला, हरकत नाही, ओल्यापेक्षा उन्हाळा खाल्लेलं लाकूड बरं.

तेव्हापासून मामीची झोपही गेली आणि बोलणंही कमी झालं. सकाळी मळा, मग विहीर, मग पळस. तिची एक सवय त्या उन्हाळ्यात मला पाठ झाली. लाखेच्या फांदीखाली ती पालथा हात धरायची, पापणी न हलवता. किडा जिवंत असेल तर त्याच्यापासून बारीक चिकट तुषार पडतो, दिसतही नाही, नुसता हाताला लागतो. थोड्या वेळाने ती हाताची मागची बाजू जिभेला लावायची. गोड लागलं की पुढच्या फांदीकडे. चैत्र संपला, सगळ्या फांद्या गोड होत्या. पळसाला नवी पालवी आली, आणि काय पालवी! खतपाण्याने एकेक पान सुपाएवढं, मऊ, हिरवंगार. गावातल्या बाकीच्या पळसांची पानं त्यांच्यापुढे चिमणीच्या पंखाएवढी दिसायची.

आता मी माझ्यावर येते.

वैशाखात माझ्या नणंदेचं, इंदूचं लग्न निघालं. दोन गावांचं जेवण, आणि पत्रावळ्या पडल्या कमी. ज्याच्याकडे सांगितल्या होत्या त्याने ऐन वेळी अर्ध्याच दिल्या. लग्नाच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी आम्हा आठ-दहा बायांना पहाटे पानं तोडायला पाठवलं. लग्नाच्या पानाला आमच्याकडे कुणी कुणाला विचारत नाही. झाड कुणाचंही असो. नको म्हणणं म्हणजे लग्नाला नको म्हणण्यासारखं. बाया बांधाबांधाने फिरून कंटाळल्या, सगळी पानं खुरटी. आणि तेव्हा मी म्हणाले, नाल्यावरच्या पळसाची मोठी आहेत, दोन-तीन पानांत एक पत्रावळ होईल.

मला माहीत होतं तिथे काय आहे. रोज पाहत होते. पण मला वाटलं, लाख तर काडीवर असते. पानांचं काय?

कामाला लावलेल्या अकरांपैकी सात झाडं आम्ही ओरबाडली. हात चिकट झाले. एक बाई म्हणाली, हे काय लागतंय बाई गुळासारखं? मी म्हणाले, ओल्या फडक्याने पुसून घेऊ.

आणि मामी त्या वेळी कुठे होती? आमच्याच अंगणात. तिच्याच मळ्यातली वांगी लग्नाच्या भाजीसाठी चिरत बसली होती. दोन दिवस ती पळसांकडे फिरकली नाही, कारण शेजारी कार्य होतं. सगळ्या गावाला वाट दाखवून मी परत आले तर तिने मला विचारलं, "दमली काय वं? बस जराशी."

दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या, पंगती बसल्या. दुसऱ्या पंगतीला मामी बसली. मी वरण वाढत होते. तिच्यापर्यंत आले तर ती पत्रावळीकडे बघत होती. आधी पानाची लांबी बोटांनी मोजली. मग कडेवरून अंगठा फिरवला. ओल्या फडक्याने एकदा पुसून तो चिकटा जात नाही. तिने अंगठा जिभेला लावला.

मी पुढच्या पानावर वरण वाढलं.

ती उठली नाही. भरल्या पानावरून उठणं म्हणजे त्या घराला लागतं. तिने भात खाल्ला, भाजी खाल्ली, बुंदी खाल्ली, दाणाही टाकला नाही. मग पत्रावळीची घडी केली, ती टाकली नाही, काखेत धरली आणि हात धुऊन मागच्या दाराशी माझ्याजवळ आली.

"पानं कोनं दाखवली?"

"मी."

"कितीक झाडं?"

"सात."

तिने डोळे मिटले. मला वाटलं आता मारेल, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "आज उष्ट्या पत्रावळ्या कुठं टाकून राह्यले?"

मला कळलंच नाही. मी म्हणाले, आखराकडे, गुरं उभी करतात तिथल्या खड्ड्यात. ती तशीच गेली. मी मागच्या दारातून पाहिलं. मामी त्या ढिगाजवळ बसून उष्ट्या पत्रावळ्या वेचून पाटीत भरत होती. कुत्री बाजूला हाकलायची, उष्टं झटकायची, पान पाटीत. वऱ्हाडी मंडळी बघत होती. कुणी तरी म्हणालं, माळीण उष्टं गोळा करते, घरी खायला नाही का? मामीने मानही वळवली नाही. पाटी डोक्यावर घेतली आणि नाल्याची वाट धरली.

मी दुसरी पाटी उचलली तेव्हा सासूबाईंनी माझा दंड धरला. घरची सून, अंगावर लग्नाचं लुगडं, उष्ट्याला हात? मी त्यांना खरं काय ते सांगितलं. तोडलेली झाडं मामीची होती, त्यावर बेणं होतं, आषाढात ते जिवंत दिसलं नाही तर बावीसच्या बावीस झाडं जाणार, आणि वाट मी दाखवली. सासूबाई कडक बाई. मी शिव्या खायच्या तयारीत होते. त्यांनी मांडवाकडे पाहिलं, जिथे इंदू मुंडावळ्या बांधून बसली होती.

"माह्या पोरीच्या लगनात कोनाचं वाटोळं झालं, असं नको लागाले तिले," त्या म्हणाल्या, आणि दंड सोडला.

नाल्यावर गेले तर मामी एका बोडक्या झाडाखाली उभी होती. पानं नाहीत, सावली नाही, लाखेच्या फांद्या उन्हात भाजल्यासारख्या उघड्या. ती मोजत होती. नऊला तिने पाय उचलला.

"पानं झाडाची होती," ती म्हणाली, माझ्याकडे न बघता. "आता खालून तं पांघरू."

त्या दिवशी आम्ही अकरा पाट्या उष्ट्या पत्रावळ्या त्या सात झाडांखाली पसरल्या. पाचोळ्यावर तो ओला, जाड थर बसला. पण वरून काय? संध्याकाळी सासूबाई स्वतः आल्या, काखेत जुनी लुगडी. नऊवारी लुगडं म्हणजे चांगलं लांब. पश्चिमेच्या अंगाला दोन फांद्यांमध्ये ताणून बांधलं की तिसऱ्या प्रहराचं ऊन अडतं. आणि पान तोडणाऱ्या प्रत्येक बाईच्या दारात जाऊन त्यांनी सांगितलं, आषाढापर्यंत भांडी धुतलेल्या पाण्याची रोज एक घागर, राख न घालता, नाल्यावर. कुणी नाही म्हणायची सोय नव्हती, सासूबाई दारातून हलायच्याच नाहीत.

गावाला मग काय पाहिजे? सात पळस लुगडी नेसून उभे. हिरवं, जांभळं, ठिगळांचं. शेठजी भट्टीवरून घोड्याने जायचा तो थांबून म्हणायचा, "मामी, आता यायले नथबी घाला." मामी उत्तर देत नसे. सगळ्यात जास्त भीती मला त्या न बोलण्याचीच वाटायची. ती फांदीखाली हात धरायची, जिभेला लावायची, आणि काहीच सांगायची नाही. एक दिवस मी न राहवून विचारलं. ती म्हणाली, "चार झाडं मुकी झाली." म्हणजे सातपैकी चारांचं बेणं मेलं. बाकीच्या तीन झाडांवर मिरगाच्या आधी बारकी पालवी फुटली. त्यांचं बेणं जगलं की नाही, हे तिलाही नीट सांगता येत नव्हतं. न तोडलेल्या चार झाडांचंही तसंच, त्या साली लू अशी वाहिली की चिमण्या पडल्या.

आषाढातला पहिला सोमवार उजाडला तो अंधारून. आभाळ खालपर्यंत उतरलेलं, गार वारा. पंच आले, सरपंच आले, शेठजी आला, त्याच्यामागे कुऱ्हाडी घेतलेली दोन माणसं. गावही आलं. मामी न तोडलेल्या झाडापाशी गेली, फांदी खाली ओढली. सगळ्यांनी वाकून पाहिलं. खरबरीत, काळपट साल, बस. काहीही हलत नव्हतं.

मामीने लाखेवरचे पिवळे ठिपके दाखवले. म्हणाली, हे आले म्हणजे आत जीव आहे, दारात येऊन थांबलेत. पण गारठ्यात ते निघत नाहीत, ऊन लागतं. शेठजी हसला. "पुरा उनाळा ऊन नको, ऊन नको करून लुगडे बांधले. आता ऊन पाह्यजे काय?"

"हाव," मामी म्हणाली. "आता पाह्यजे."

पंचांपैकी एक म्हणाला, आषाढात उन्हाची वाट कोण बघणार? शेठजीच्या माणसाने पलीकडच्या विसाव्याच्या झाडावर कुऱ्हाडीने खूण करून ठेवली. तो ठक असा आवाज झाला तेव्हा मामीचा खांदा हलला, पण ती फांदी धरून उभीच. सरपंचांनी आभाळाकडे पाहिलं, म्हणाले, आलो आहोत तर घटकाभर बसू. आणि ते त्या झाडाच्या बुडाशी, पाचोळ्यावर टेकून बसले. फांद्या त्यांच्या खांद्याला लागत होत्या. बाकीचे उभे.  मी सासूबाईंच्या मागे उभी राहून मनात मोजत होते. वीस झाले, पुन्हा एकपासून. किती वेळा मोजलं सांगता येणार नाही.

मग सातपुड्याच्या बाजूला ढग जरा फाटला. ऊन आलं, पातळ, ओलं. मामीने मान वर केली नाही. फांदीच बघत राहिली. माणसं चुळबुळ करायला लागली. शेठजी म्हणाला, झाली घटका.

सरपंच उठायला लागले आणि धोतर झटकायला त्यांनी हात खाली नेला. गुडघ्यावर, पांढऱ्या धोतरावर, चिमूटभर कुंकू सांडल्यासारखं काहीतरी होतं. त्यांनी चिमटीने झटकलं. शेजारी आणखी दिसलं. बाहीवरही.

"माह्या भट्टीची धूळ असंन," शेठजी म्हणाला. "इथवर उडते ते."

सरपंच बाहीकडे बघतच राहिले. हात त्यांनी डोळ्यांजवळ नेला. सगळे जवळ आले. तो लाल ठिपका, आणि त्याच्यामागे दुसरा, आणि मग दहा-वीस, मनगटाकडून कोपराकडे चालले होते.

"शेठ," सरपंच हळूच म्हणाले, "तुमची धूळ चढावर चालते काय?"

मामीने फांदी सोडली. इतका वेळ ओढून धरल्याने तिची बोटं उघडेनात. सासूबाईंनी पुढे होऊन तिचा हात आपल्या हातात घेतला आणि चोळायला लागल्या.  सरपंचांनी मात्र धोतर झटकलं नाही. तसेच, हात अंगापासून लांब धरून, एकेक पाऊल टाकत विसाव्याच्या झाडापर्यंत गेले, आणि मामीला म्हणाले, "आता यायले कुठं उतरवू, थे सांग."

ते मामीने हसत हसत सांगितलं. त्या वैशाखानंतर मी तिला हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

बेणं मेलेली ती चार झाडं तिने दोन वर्षं विसाव्याला ठेवली. त्यावरून मला ती कधी एक शब्द बोलली नाही. पण मडकी भरायला मी कधी चुकले तर दारात येऊन उभी राहायची. पानं तोडून मी जे घेतलं होतं ते पाण्याने फेडायचं, असं काहीतरी आमच्यात न बोलता ठरलं होतं, आणि त्याचा हिशेब तिच्याकडेच होता.

पुढे आम्ही बुलढाण्याला राहायला गेलो. माझ्या थोरलीचं लग्न मात्र गावाकडेच केलं, वैशाखातच. मामी तेव्हा थकली होती, डोळ्यांनी अंधुक दिसायचं. पत्रावळ्यांची सोय मी शहरातून केली होती, मुद्दामच. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी पाहते तर मामी अंगणात, डोक्यावरून पानांचा भारा उतरवून घाम पुसत होती. सुपाएवढी पानं. माझा चेहरा पाहून म्हणाली, "भिऊ नको वं. विसाव्याच्या झाडाची हायेत. दोन ठेवून एक तोडलं."

मी पान हातात घेतलं. कोरडं होतं, स्वच्छ. चिकट नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली, ऊन कललं, वऱ्हाड निघायच्या गडबडीत मी सहज मागच्या दाराशी गेले. नाल्याच्या वाटेने मामी चालली होती. डोक्यावर उष्ट्या पत्रावळ्यांची पाटी, एक हात पाटीला. यावेळी कुणी काही म्हणत नव्हतं, उलट दोन बाया तिच्यामागे पाट्या घेऊन होत्या. पहिला पळस आला. मामी थांबली नाही, मान वर केली नाही. नुसता मोकळा हात बाजूला काढून, पालथा करून, फांदीखालून चालता चालता नेला, आणि तो हात तोंडाशी नेत पुढच्या झाडाकडे गेली.